रिकामी यादी, लुआचेक आणि आमची सबटायटलं

आमच्या धंद्यात रिकामी यादी म्हणजे आनंदाची बातमी. लांब ओळी किती? एकही नाही. एकमेकींवर चढलेल्या ओळी? नाहीत. मग फाइल पाठवून द्या आणि चहा सांगा. लुआ भाषेतल्या स्क्रिप्ट तपासणाऱ्या लुआचेक नावाच्या फुकट अवजारावर मी इतकं लांबलचक लिहायला बसले आहे त्याचं कारण एवढंच, की यादी रिकामी येण्याचा दुसरा अर्थ त्याने आमच्या डोळ्यांसमोर धरला: तपासणी झालेलीच नाही.

मी अंधेरी पश्चिमेला, वीरा देसाई रोडच्या आतल्या गल्लीत एका छोट्या स्टुडिओत सबटायटलं करते. खाली डबिंगच्या खोल्या, वर आम्ही, म्हणजे संगणकांची एक रांग आणि मूड असेल तेव्हाच चालणारा एसी. मालिकांचे रोजचे भाग, वेब सीरिज, अधूनमधून एखादा सिनेमा. पैसे कार्यक्रमाच्या मिनिटांवर मिळतात, त्यामुळे तोच भाग परत करायला आला की ते काम धर्मादाय. याआधी बरीच वर्षं गिरगावातल्या एका छापखान्यात प्रुफं वाचली. प्रोग्रामिंग कुठे शिकलेली नाही. जे काही येतं ते एजिसबच्या नादाने आलं.

एजिसब हा सबटायटलं बसवायचा फुकट प्रोग्राम. त्याची गंमत ही की कंटाळवाणी कामं करून घ्यायला त्याला लुआ भाषेत स्क्रिप्ट लिहून देता येते. लुआ ही १९९३ साली रिओ द जानेरोच्या कॅथलिक विद्यापीठात जन्मलेली छोटीशी भाषा, मोठ्या प्रोग्रामच्या पोटात बसवायला सोपी, म्हणून गेमपासून वेब सर्व्हरपर्यंत कुठेही सापडते. एजिसबमध्ये सबटायटलची प्रत्येक ओळ स्क्रिप्टच्या हातात येते ती सगळ्या माहितीसकट: मजकूर, सुरू होण्याची वेळ, संपण्याची वेळ (मिलिसेकंदांत), बोलणाऱ्या पात्राचं नाव. आमच्याकडची मुख्य स्क्रिप्ट प्रत्येक ओळीतली अक्षरं मोजते, ओळ पडद्यावर जितका वेळ राहते त्याने भागते, आणि सेकंदाला ठरलेल्या अक्षरांपेक्षा जास्त होत असतील तर ती ओळ एका टेबलात टाकते. लुआत यादी, अ‍ॅरे, कोश सगळं टेबलच. शेवटी टेबलातल्या ओळी खिडकीत दाखवायच्या. टेबल रिकामं असेल तर ‘सर्व ओळी मर्यादेत’ असा संदेश. ही स्क्रिप्ट पूर्वी बाहेरून काम करणाऱ्या एका मुलाने लिहून दिली होती. मुलगा हुशार, पण पुढे दुसऱ्या कामाला लागला आणि स्क्रिप्ट आमच्याकडे राहिली.

संशय आला तो कोर्टाच्या सीनमुळे. दोन वकील, दोघंही तावातावाने, एकाचं वाक्य संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू. अशा सीनमध्ये ओळी लांब होतातच, त्या कापता कापता आमचा जीव जातो. आमचा एडिटर खुर्ची फिरवून म्हणाला, “ताई, मशीन म्हणतंय एकही ओळ लांब नाही.”

“अरे, परत चालव.”

“परत तेच.”

मग आम्ही मुद्दाम एक ओळ घेतली, तिच्यात अख्खा परिच्छेद कोंबला आणि अर्ध्या सेकंदावर ठेवली. स्क्रिप्ट शांतपणे म्हणाली, सर्व ओळी मर्यादेत. याआधीच्या काही भागांवर ग्राहकाच्या तपासणीतून ‘वाचायला वेळ कमी’ असे शेरे का येत होते, ते तेव्हा कळलं. आम्ही त्यांना चिकित्सक म्हणत होतो.

आता गुन्हा नेमका कुठे घडतो ते समजून घ्या, कारण हे कळल्याशिवाय या अवजाराची किंमत कळणार नाही. लुआमध्ये न जाहीर केलेलं नाव वापरलं तर भाषा तक्रार करत नाही. ते नाव ग्लोबल, म्हणजे सगळ्या प्रोग्रामभर चालणारं, असेल असं धरून चालते, शोधते, सापडलं नाही तर ‘निल’ हातात ठेवते. निल म्हणजे काहीच नाही. या निलचं पुढे काय करता यावर सगळं अवलंबून. आकड्याशी तुलना केलीत, तर लुआ जागच्या जागी थांबते आणि सांगते की निलची तुलना आकड्याशी होत नाही. निलला फंक्शन म्हणून हाक मारलीत, तरी थांबते. हे बरे गुन्हे, ओळ क्रमांकासकट सापडतात. पण टेबल.इन्सर्ट करून निल यादीच्या शेवटी टाकलंत तर? काहीही होत नाही. चूक नाही, इशारा नाही, यादीची लांबी होती तेवढीच. हजार वेळा टाका, लांबी शून्य.

आमच्या स्क्रिप्टमध्ये हेच होतं. वर एके ठिकाणी ‘लोकल ओळ’ म्हणून (लोकल म्हणजे कोडच्या तेवढ्या भागापुरतं नाव) ओळ उचलली होती, मोजमाप बरोबर केलं होतं, आणि यादीत टाकताना नावाचं स्पेलिंग बदललं होतं. (कोड इथे मी देवनागरीत सांगते आहे, तसाच चिकटवायला जाऊ नका.) मराठी माणसाने व्हेरिएबलला, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्याला, मराठी नावं रोमनमध्ये दिली की हा धोका दुप्पट होतो. ‘ओळ’ कुणी ओ-एल लिहितं, कुणी ओ-ए-एल. ‘लांब’मध्ये एक ए की दोन? ‘मर्यादा’च्या शेवटी किती? मोबाइलवर आपण सगळे असंच लिहितो आणि वाचणाऱ्याला कळतं. लुआला ती दोन वेगळी नावं वाटतात, आणि दुसरं नाव जाहीर झालेलं नाही याचं तिला काही वाटत नाही.

तर लुआचेक. हे लुआच्या फाइली न चालवता, नुसत्या वाचून तपासणारं अवजार. किंमत शून्य, मुक्त वापराचा एमआयटी परवाना, सध्या ल्युनरमॉड्यूल्स नावाचा गट त्याची देखभाल करतो. ज्यांच्याकडे लुआरॉक्स (लुआची अवजारं बसवून देणारा प्रोग्राम) आहे ते एका आदेशात बसवतात, मॅकवाले होमब्रूमधून. विंडोजवर आम्ही रिलीजच्या पानावरून एकच एक्झे फाइल उतरवली, स्क्रिप्टच्या फोल्डरशेजारी ठेवली आणि काळ्या खिडकीत तिचं नाव आणि पुढे स्क्रिप्टचं नाव लिहिलं. बसवण्याबद्दल एवढंच, त्यात बोलण्यासारखं काही नाही.

बोलण्यासारखं आहे ते पहिल्यांदा चालवल्यावर येणारं. पडदाभर सूचना आल्या. एडिटर म्हणाला, ही स्क्रिप्ट आहे की गुन्ह्यांची नोंदवही. त्यातल्या बहुतेक बिनकामाच्या होत्या, आणि इथे नवा माणूस हमखास पळून जातो. ओळीच्या शेवटी मोकळी जागा राहिली, सूचना. फंक्शनला तीन गोष्टी पाठवल्या आणि एकच वापरली, सूचना. एजिसबच्या स्क्रिप्टमध्ये वरती स्क्रिप्टचं नाव, वर्णन, लेखक, आवृत्ती अशा ओळी लिहायच्या असतात आणि त्या ग्लोबलच असाव्या लागतात; लुआचेकला एजिसब माहीत नाही, त्यामुळे त्या प्रत्येक ओळीवर बोट. स्वतः ‘एजिसब’ हे नाव जिथे जिथे आलं तिथेही बोट, कारण ते नाव एजिसब आयत्या वेळी पुरवतं.

पण त्या गर्दीत एक ओळ होती, ११३ क्रमांकाची: अमुक ओळीवर, अमुक रकान्यात, न जाहीर केलेलं व्हेरिएबल वापरलं आहे. आणि पुढे तेच चुकलेलं स्पेलिंग. इतके महिने जे आमच्या कुणाच्या नजरेला पडलं नाही ते त्याने फाइल चालवल्याशिवाय दाखवलं. छापखान्यात आमचे हेडरीडर गोष्ट काय आहे याकडे ढुंकून न पाहता प्रूफ वाचायचे आणि नायिकेचं नाव तिसऱ्या पानावर ऱ्हस्व आणि नवव्या पानावर दीर्घ झालं की पेन्सिल आपटायचे, त्यांचीच मला आठवण झाली.

क्रमांकांची पद्धत मला फार आवडली. एकने सुरू होणारे ग्लोबल नावांबद्दल: १११ म्हणजे न जाहीर केलेल्या ग्लोबलला किंमत दिली, ११३ म्हणजे वाचलं. दोनने सुरू होणारे न वापरलेल्या लोकलबद्दल. चारने सुरू होणारे, एकाच नावाने आत दुसरं व्हेरिएबल काढून बाहेरचं झाकलं त्याबद्दल. सहाने सुरू होणारे मोकळ्या जागा आणि लांबी वगैरे. रिकाम्या यादीच्या शोधात असाल तर आधी एकवाले पाहा, मग चारवाले, आणि सहावाले पावसाळ्यात गाड्या बंद असतील त्या दिवशी. शिवाय एक खूण सांगते: ११३ आणि २११ जवळजवळच्या ओळींवर जोडीने दिसले, म्हणजे एक नाव जाहीर न करता वापरलं आणि त्याच्यासारखंच दुसरं जाहीर करून वापरलंच नाही, तर डोळे झाकून समजा की स्पेलिंगचा घोळ आहे.

गर्दी कमी करायला नियमांची फाइल लिहावी लागते. तिचं नाव ठरलेलं, आधी टिंब मग लुआचेकआरसी. त्यात कुठली लुआ वापरता ते सांगायचं, कुठली ग्लोबल नावं तुमची स्वतःची आहेत ते सांगायचं, आणि कुठली फक्त वाचायची आहेत ते. आमच्याकडे स्क्रिप्टच्या वरच्या चार ओळींची नावं पहिल्या यादीत, ‘एजिसब’ आणि ‘इन्क्लूड’ दुसऱ्या यादीत. न वापरलेल्या आर्ग्युमेंटचे, म्हणजे फंक्शनला पाठवलेल्या गोष्टींचे, शेरे बंद करायची वेगळी सोय आहे, ती लावून टाकली. एवढं केल्यावर पडदाभर सूचनांच्या बोटांवर मोजण्याइतक्या राहिल्या आणि प्रत्येक वाचण्यासारखी निघाली.

इथे एक मजा. ही नियमांची फाइलसुद्धा लुआच आहे. एडिटरने नावांच्या यादीत ‘एजिसब’ लिहिलं ते अवतरणचिन्हांशिवाय. म्हणजे काय झालं? एजिसब नावाचं न जाहीर केलेलं व्हेरिएबल, किंमत निल, यादी रिकामी. ज्या रोगावर औषध आणलं तो औषधाच्या बाटलीत. सुदैवाने लुआचेकला त्याचीच नियमांची फाइल तपासायला देता येते, आणि तिथलं नावही ते न जाहीर केलेलं म्हणून दाखवतं.

हाच अवतरणचिन्हांचा प्रकार मूळ स्क्रिप्टमध्येही सापडला. काही पात्रांच्या ओळींना वेगळी मर्यादा द्यायची म्हणून वर एक यादी होती: आई, बाबा, काका. कंसात तीन नावं, स्वल्पविराम बरोबर, दिसायला नेटकी. पण अवतरणं नाहीत, म्हणून ती तीन अक्षरमाला नसून तीन न जाहीर केलेली व्हेरिएबलं झाली, टेबलात तीन निल, आणि त्या यादीवरून फिरणारा लूप एकदाही फिरला नाही. माणसाच्या डोळ्याला ही ओळ पूर्ण दिसते, म्हणूनच ती सापडत नाही. लुआचेकने त्या एका ओळीवर तीन ११३ लावले.

सगळ्यात बेरकी मात्र तिसरा प्रकार होता, आणि तो १११ने पकडला. मजकुरातले तिरप्या अक्षरांचे वगैरे टॅग काढून टाकायला एक छोटं मदतनीस फंक्शन होतं. काढलेले टॅग ते एका यादीत ठेवायचं, आणि त्या यादीचं नाव होतं नुसतं ‘यादी’. आधी ‘लोकल’ नाही. मुख्य फंक्शनमध्ये लांब ओळी जमवणारं टेबल, त्याचंही नाव ‘यादी’, तिथेही ‘लोकल’ नाही. म्हणजे दोन्ही एकच ग्लोबल. प्रत्येक ओळ मोजण्याआधी मदतनीस ‘यादी’ला नवं कोरं टेबल देणार, आधी जमवलेलं गेलं. शेवटची ओळ लांब असेल तरच शेवटी एखादी ओळ दिसणार, आणि मालिकेच्या भागातली शेवटची ओळ बहुधा “काय?!” एवढीच असते.

याला उपाय एका शब्दाचा, दोन्हीकडे नावाआधी ‘लोकल’. पण तो लावतानाही जपून. ‘लोकल’चा मुक्काम ज्या ब्लॉकमध्ये लिहिलं तेवढाच. घाईघाईने एडिटरने ‘लोकल यादी’ लूपच्या आत लिहिली असती तर प्रत्येक फेरीला नवी यादी तयार होऊन फेरी संपताच नाहीशी झाली असती, आणि बाहेर परत शून्य. बाहेर त्याच नावाचं लोकल आधीपासून असेल तर लुआचेक ४२१ने सांगतं की आतल्याने बाहेरचं झाकलं, आणि बाहेरचं कितव्या ओळीवर आहे तेही सांगतं. ‘जर’च्या ब्लॉकमध्ये लोकल जाहीर करून बाहेर वापरलं तर ११३. या बाबतीत मला त्याच्यात खोट काढता आली नाही.

कुठली लुआ वापरता हे सांगण्याला मी सुरुवातीला महत्त्व दिलं नव्हतं, कारण न सांगितलं तरी चालतं. न सांगितलं तर लुआचेक सगळ्यात उदार होतं: ५.१पासून ५.४पर्यंत आणि लुआजिट (लुआचंच वेगवान रूप), या सगळ्यांत मिळून जी जी ग्लोबल नावं आहेत ती सगळी चालवून घेतं. एजिसबच्या पोटात लुआजिट आहे. आता आमच्यासारख्यांचा प्रश्न असा की लुआत अक्षरमालेची लांबी मोजायचं चिन्ह बाइट मोजतं, अक्षरं नाही. यूटीएफ-८ या युनिकोड मजकूर साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. ‘नमस्कार’ लिहिलंत तर हलन्त आणि काना धरून सात चिन्हं, लांबी येते २१. म्हणजे इंग्रजीला बेतलेली मर्यादा मराठीवर लावली की यादी रिकामी राहायच्या ऐवजी सगळा भागच यादीत येतो. यावर इंटरनेटवर सापडणारा सल्ला म्हणजे ‘यूटीएफ८’ नावाची लायब्ररी वापरा. ती लुआ ५.३पासूनची. लुआजिटमध्ये नाहीच. उदार लुआचेकने त्यावर काही म्हटलं नाही. नियमांच्या फाइलमध्ये लुआजिट लिहिल्याबरोबर ११३ आला. एजिसबकडे यासाठी स्वतःचं युनिकोड मॉड्यूल आहे, ते वापरलं. तर हा एक सल्ला फुकट घ्या: ती ओळ पहिल्याच दिवशी लिहा.

एवढं कौतुक झालं, आता राग. लुआच्या स्वतःच्या लायब्ररी सोडल्या तर लुआचेकला टेबलाच्या आतली नावं कळत नाहीत. ‘ओळ’ हे व्हेरिएबल जाहीर आहे ना, मग ‘ओळ.टेक्स्ट’ लिहा नाहीतर ‘ओळ.टेक्स’ लिहा, त्याच्या लेखी दोन्ही बरोबर. आणि टेबलात नसलेलं फील्ड वाचलं की लुआ पुन्हा निलच देते, आणि ते यादीत टाकलं की पुन्हा तीच शून्य लांबी. म्हणजे रिकाम्या यादीची एक मोठी वाट हे अवजार उघडी ठेवतं. एजिसबच्या कामात तर अर्ध्याहून जास्त कोड अशा टिंबांचाच. आम्ही सगळ्या सूचना मिटवून, शून्य इशारे पाहून खूश झालो होतो आणि पात्राच्या नावाचं फील्ड चुकीच्या स्पेलिंगने तसंच बसलेलं होतं. ते सापडलं छापून बघितल्यावर, डिबग खिडकीत एकेक किंमत ओतून. फाइल न चालवता तपासणाऱ्या अवजाराकडून किती अपेक्षा करायची हा प्रश्न आहेच, पण पानावर शून्य दिसलं की माणूस सैल होतो, आणि आमचं दुखणं मुळात शून्यावर विश्वास ठेवण्याचंच होतं.

या फटीसाठी लुआ लँग्वेज सर्व्हर आहे. ते व्हीएस कोड या कोड लिहायच्या प्रोग्राममध्ये बसतं, टाइप करतानाच न जाहीर केलेल्या नावाखाली रेघ मारतं, आणि तुम्ही कोडवर विशिष्ट टिपणं लिहून टेबलात कुठली फील्ड आहेत ते सांगितलंत तर नसलेल्या फील्डवरही बोट ठेवतं. म्हणजे जास्त करतं, पण तुमच्याकडून जास्त लिहूनही घेतं. दिवसभर कोड लिहिणाऱ्याने तेच घ्यावं. आमच्याकडे स्क्रिप्टला हात लागतो तो भाग पाठवून झाल्यावर उरलेल्या वेळात, आणि त्या वेळात टिपणं लिहायला कुणी बसणार नाही.

दुसरा पर्याय स्ट्रिक्ट.लुआ. लुआ ५.१च्या मूळ पेटाऱ्यात ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ही लहानशी फाइल येत असे. ती ग्लोबल नावांच्या टेबलावर मेटाटेबल, म्हणजे त्याच्या वागण्याचे नियम ठरवणारं दुसरं टेबल, बसवते. न जाहीर केलेलं ग्लोबल वाचलं की स्क्रिप्ट तिथेच थांबवून त्या नावासकट सांगते की हे जाहीर नाही, आणि फंक्शनच्या आतून नव्या ग्लोबलला किंमत द्यायला गेलात तरी अडवते. सबटायटलांच्या एसआरटी फाइलींची नावं बदलणाऱ्या, साध्या लुआत चालणाऱ्या आमच्या काही स्क्रिप्ट आहेत, त्यांना मी ती लावली आहे. फरक एवढाच की ती ओळ खरोखर चालली तरच स्ट्रिक्ट बोलतं. वर्षातून एकदा लागणाऱ्या ‘नाहीतर’च्या फांदीत चूक असेल तर ती वर्षातून एकदाच, आणि अर्थातच प्रक्षेपणाच्या आदल्या संध्याकाळी कळणार. लुआचेक सगळ्या फांद्या आत्ताच वाचून काढतं. दोन्ही ठेवावीत.

एक गोष्ट या अवजाराची म्हणून सांगायला हवी, ती सवय बिघडवण्याची सोयही देतं. कोडमध्ये एक टिप्पणी लिहिली की त्या ओळीपुरतं लुआचेक गप्प बसतं, आणि हीच टिप्पणी फाइलच्या सुरुवातीला एकटी लिहिली तर सगळ्या फाइलपुरतं. कामाची सोय आहे, पण ती घाईत असलेल्या माणसाच्या हाती लागली की संपलं. आमच्याकडे नियम केला: गप्प बसवायचं असेल तर शेजारी कारण लिहायचं, मराठीत, पूर्ण वाक्यात. वाक्य लिहायचा कंटाळा असल्याने बहुतेक वेळा मुलं चूकच दुरुस्त करतात.

ओळ १२० अक्षरांपलीकडे गेली की येणारी सूचना मी बंद केली नाही, एडिटरचा विरोध असूनही. लांब ओळ वाचताना डोळा सुटतो हे मला सांगायला लुआचेकची गरज नव्हती. शेवटच्या मोकळ्या जागांची मात्र बंद केली; त्या पडद्यावर दिसत नाहीत आणि कुणाचं काही बिघडवत नाहीत.

कुणी घ्यावं? एजिसब, रीपर, फ्यूजन, किंवा पोटात लुआ असलेल्या कुठल्याही प्रोग्रामसाठी स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने, आणि त्याहूनही दुसऱ्याने लिहिलेली स्क्रिप्ट चालवणाऱ्याने. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंत अशा वारशाने आलेल्या स्क्रिप्ट भरपूर आहेत. लिहिणारा सोडून गेलेला, चालवणाऱ्याला आत काय आहे ते माहीत नाही. नियमांची फाइल नीट लिहायला अर्धा दिवस काढायची तयारी नसेल तर घेऊ नका, पहिल्या पडद्यालाच कंटाळाल. पाचपैकी चार तारे, एक कापला तो टेबलांच्या आतल्या आंधळेपणासाठी.

राहिला प्रश्न, भाषेनेच हे का करू नये? लुआ ५.५मध्ये ‘ग्लोबल’ हा नवा शब्द आला आहे. फाइलमध्ये तो वापरून ग्लोबल नावं जाहीर केलीत की त्यापुढे न जाहीर केलेलं नाव आलं तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. वापरला नाहीत तर सगळं पूर्वीसारखंच चालतं, म्हणजे जुन्या स्क्रिप्ट मोडणार नाहीत आणि जुन्या चुकाही झाकलेल्याच राहतील. एजिसबचं लुआजिट ५.१च्या भाषेवर, ५.२मधल्या काही गोष्टी घेऊन उभं आहे. तिथे हा शब्द नाही. त्यामुळे आमच्याकडे नवी स्क्रिप्ट ऑटोलोडच्या फोल्डरमध्ये (एजिसब सुरू होताना स्क्रिप्ट उचलतं तो) जाण्याआधी लुआचेकमधून जाते, आणि त्यानंतर तिच्यापुढे एक मुद्दाम बिघडवलेला भाग ठेवला जातो, ज्यात लांब ओळी आहेतच. त्यावर यादी रिकामी आली तर स्क्रिप्ट परत.